माझीच भीती गेलेली नाही, मग मी लोकांना काय सांगू?

प्रश्न एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं होऊन काही महिने झाले. रोजची हार्मोनची गोळी सुरू आहे. घरचे म्हणतात, झालं ते झालं, आता चारचौघांत विषय काढू नकोस. त्यांना मात्र ओळखीपाळखीच्या बायकांशी, आसपासच्या लोकांशी या आजाराबद्दल बोलायचं आहे. अडचण एवढीच, की प्रत्येक तपासणीच्या आधी त्यांची झोप उडते. ‘जी स्वतः घाबरलेली आहे तिने दुसऱ्यांना धीर द्यावा का, आणि सांगायचं तरी नेमकं काय?’

ताई, मी स्तनाच्या कॅन्सरची सर्जन. ओपीडी आणि ऑपरेशनं सोडली तर उरलेला बराच वेळ अशाच बैठका घेण्यात जातो, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत देणं मला जमणार नाही. आधी तुमच्याबद्दल बोलते, मग लोकांबद्दल. क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे.

तपासणीच्या आधी झोप उडते, यात मला नवल वाटलं नाही. उडत नाही असं सांगणारी पेशंट भेटली की मी उलट जरा जास्त विचारपूस करते. उपचार चालू असतात तेव्हा रोज काहीतरी करायचं असतं. अमुक तारखेला केमो, मग रक्त तपासायचं, मग रेडिएशनचा नंबर. ते संपलं की रुग्णालयाचं येणं-जाणं कमी होतं, घरच्यांच्या लेखी आजार मिटलेला असतो आणि नेमकी तेव्हाच भीती डोकं वर काढते. फिट्झह्यू मलन नावाच्या अमेरिकी डॉक्टरांना स्वतःलाच कॅन्सर झाला होता. १९८५ साली त्यांनी लिहिलं की उपचार संपले म्हणजे माणूस एका फटक्यात ‘बरा’ होत नाही. एक काळ उपचारांचा, दुसरा वाट पाहण्याचा आणि तिसरा, हळूहळू स्थिरावण्याचा. तुम्ही दुसऱ्यात आहात. आजार पुन्हा उलटेल का हा विचार या काळात यायचाच.

तो घालवायच्या मागे लागू नका. त्याऐवजी काय पाहायचं आणि काय सोडून द्यायचं हे पक्कं ठरवा. नवं हाडाचं दुखणं, खोकला, धाप किंवा डोकेदुखी दोन आठवड्यांच्या वर टिकली आणि वाढत चालली तर डॉक्टरांना कळवा. दोन दिवसांत आपोआप गेली तर ती विसरा. मात्र ऑपरेशनच्या जागी, काखेत किंवा मानेत गाठ लागली किंवा दुसऱ्या स्तनात काही वेगळं वाटलं, तर दोन आठवडेही थांबू नका.

आणि मनाच्या समाधानासाठी दर काही महिन्यांनी अंगभर स्कॅन आणि रक्तातले मार्कर (कॅन्सरची खूण शोधणाऱ्या रक्ततपासण्या) करून घ्यायचा मोह टाळा. इटलीत या विषयावर दोन मोठे अभ्यास झाले, त्यांचे निकाल १९९४ साली आले. काही बायकांच्या नियमित जादा तपासण्या केल्या, बाकीच्यांना फक्त डॉक्टरांनी तपासलं आणि वर्षाकाठी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, केली. दोन्हीकडच्या बायका सारख्याच जगल्या. काही त्रास नसताना स्कॅन करत राहिलं की हाती लागते ती बहुतेकदा एखादी निरुपद्रवी सावली, आणि तिच्यामागे धावण्यात महिने जातात. हे माझ्या ओपीडीत कुणाला सहसा आवडत नाही, तरी मी सांगते.

गोळीबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण या बाबतीत बायका डॉक्टरांपासून लपवतात. अंगाची लाही होते, सकाळी बोटं आखडतात, गुडघे धरतात, मूड जातो. मग एके दिवशी गोळी राहते, मग आठवडा राहतो आणि पुढच्या भेटीत ‘चालू आहे’ असं सांगितलं जातं. हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणाऱ्या, कॅन्सरमध्ये पाच वर्षं टॅमॉक्सिफेन (हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी) घेतलं तर त्या कॅन्सरने मृत्यू येण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो आणि गोळी थांबल्यावरही हा फायदा वर्षानुवर्षं टिकतो. म्हणजे ही रोजची साधी गोळी काही वेळा केमोइतकंच काम करत असते. त्रास होत असेल तर गोळी बदलता येते, वेळ बदलता येते, लाहीवर वेगळं औषध देता येतं. सांगितलं तरच हे होतं.

थकव्याचंही तसंच. हा थकवा झोपून जात नाही, हे आता तुम्हाला कळलं असेल. आठवड्यातून तीन दिवस अर्धा-अर्धा तास दमदार चालणं आणि दोन दिवस हलकी वजनं किंवा ताणायच्या रबरी पट्ट्याचे व्यायाम, याच्याइतका चांगला पुरावा असलेलं थकव्यावरचं दुसरं औषध माझ्याकडे नाही. काखेतल्या गाठी काढल्यात म्हणून त्या हाताने काहीच उचलायचं नाही, हा सल्ला जुना झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत बेताबेताने वजन वाढवत व्यायाम करणाऱ्या बायकांत हाताची सूज वाढली नाही. हात एकदम जड वाटू लागला, अंगठी घट्ट झाली, तर फिजिओथेरपिस्टला लगेच दाखवा. सूज नवी असताना आटोक्यात येते, जुनी झाली की हटत नाही.

आता लोकांकडे येते.

‘जागृती’ म्हटलं की डोळ्यांपुढे फेरी, फिती, टोप्या, पाहुण्यांचं भाषण येतं. ४ फेब्रुवारीला जागतिक कर्करोग दिन असतो. त्या दिवशी सगळीकडे फोटो निघतात आणि ५ तारखेला मागे काय उरलं ते कुणी विचारत नाही. मी एकच माप लावते: एखाद्या बाईला पहिल्यांदा काहीतरी वेगळं जाणवलं तो दिवस आणि तिचा बायोप्सीचा (गाठीचा तुकडा सुईने काढून केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट आला तो दिवस, यांच्यात किती अंतर पडलं? ते घटलं तर काम झालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून स्तनाच्या कॅन्सरसाठी जो उपक्रम हाती घेतला आहे त्याची उद्दिष्टंही अशीच सरळ आहेत. १०० पैकी निदान ६० रुग्ण पहिल्या-दुसऱ्या स्टेजला सापडावेत, दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावं आणि ८० टक्के रुग्णांनी उपचार शेवटापर्यंत न्यावेत. यात सभांची संख्या कुठेच नाही. १९९९ साली आलेल्या एका मोठ्या आढाव्यात, लक्षण जाणवल्यावर तीन महिने किंवा जास्त उशीर झालेल्या बायकांचं पाच वर्षं जगण्याचं प्रमाण लवकर आलेल्यांपेक्षा १२ टक्क्यांनी कमी निघालं होतं. तीन महिने म्हणजे फार नाही. ‘परीक्षा होऊ दे’, ‘लग्न उरकू दे’, ‘पाहुणे जाऊ देत’ एवढ्यातच ते सरतात.

बायका उशीर का करतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगू शकाल, आणि म्हणूनच तुम्ही बोलावं असं मला वाटतं. मी सांगते तेव्हा ते डॉक्टरचं बोलणं असतं. तुम्ही सांगाल की आंघोळ करताना साबणाच्या हाताला काहीतरी कडक लागलं, दुखत नव्हतं म्हणून सोडून दिलं, तेव्हा समोरचीचा हात नकळत स्वतःच्या काखेकडे जातो. मी हे पुष्कळदा पाहिलं आहे. दुखत नाही, हेच सगळ्यांना फसवतं. दुखणारी गाठ घेऊन बाई दुसऱ्या दिवशी येते. न दुखणारी घेऊन सहा महिन्यांनी येते, आणि कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

दुसरं कारण, स्तन काढतील ही भीती. इथे एक गोष्ट ठासून सांगा. मिलानचे उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेतले बर्नार्ड फिशर या दोघा सर्जनांनी स्वतंत्रपणे चाचण्या केल्या. काही बायकांचं अख्खं स्तन काढलं, काहींची फक्त गाठ आणि तिच्याभोवतीचा भाग काढून रेडिएशन दिलं. २० वर्षांनंतरचे निकाल २००२ साली प्रसिद्ध झाले आणि जगण्यात फरक नव्हता. गाठ लहान असताना आलं तर स्तन राखता येण्याची शक्यता मोठी असते. म्हणजे ज्या भीतीने बाई घरी बसते, ती भीती घरी बसल्यानेच खरी होते.

एकट्या माणसाच्या बोलण्याने काय होतं, याचं उदाहरण हवं असेल तर बेटी फोर्ड यांचं घ्या. सप्टेंबर १९७४ मध्ये त्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी होत्या. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी ते जाहीर सांगितलं. त्या काळी तिकडेही हा शब्द हलक्या आवाजात बोलला जायचा. पुढच्या काही महिन्यांत इतक्या बायका तपासून घ्यायला गेल्या की निदान झालेल्या रुग्णांच्या आकड्यांत ठळक उसळी दिसली. त्यांनी मोठं व्याख्यान दिलं नव्हतं. आजाराचं नाव घेतलं आणि लपवलं नाही, इतकंच.

मात्र जागृतीने अपायही होतो. हा भाग बहुतेक कार्यक्रमांत गाळला जातो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

दक्षिण कोरियात आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण १५ पट झालं. थायरॉइड कॅन्सरने होणारे मृत्यू मात्र जिथल्या तिथे राहिले. म्हणजे हजारो लोकांच्या गळ्यात कधीच त्रास न देणाऱ्या बारीक गाठी होत्या. त्या शोधल्या, ग्रंथी काढली आणि माणसं जन्मभर गोळीवर आली. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी उघड विरोध केला, तेव्हा ऑपरेशनं घटली. तेव्हा ‘सगळ्या तपासण्या करून घ्या, लवकर सापडलेलं बरं’ असं सरसकट कधी सांगू नका. कोणती तपासणी, कुणासाठी, किती वयाला, हे सांगता येत असेल तरच तपासणीचं नाव घ्या.

स्तनाच्या बाबतीतही तेच. दर महिन्याला ठरावीक तारखेला, ठरावीक पद्धतीने स्वतःचं स्तन तपासायचं, हे आपण वर्षानुवर्षं शिकवत आलो. शांघायमध्ये सुमारे २ लाख ६६ हजार कामगार बायकांवर याची चाचणी झाली, निकाल २००२ साली आले. शिकवलेल्या बायकांत मृत्यू कमी झाले नाहीत. साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. म्हणून मी आता तो तक्ता वाटत नाही. एवढंच सांगते की आपलं नेहमीचं कसं आहे ते ओळखीचं असू द्या, आणि बदल झाला तर चार दिवस मनात घोळवत बसू नका. हात वर केल्यावर कातडीला खळी पडते का, बोंड नव्याने आत ओढलं गेलंय का, एका बाजूने आपोआप रक्ताळ पाणी येतं का, कातडी संत्र्याच्या सालीसारखी जाडसर झालीय का. आरशासमोर कपडे बदलताना हे दिसतं, वेगळा दिवस काढावा लागत नाही.

मग फायद्याचं काय? मुंबईत दीड लाखाहून अधिक बायकांवर २० वर्षं चाललेल्या चाचणीत, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दोन-दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासले. २०२१ मध्ये आलेले निकाल असे, की ५० च्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याहून कमी वयात तसा फायदा दिसला नाही. मशीन नाही, फिल्म नाही, फक्त शिकवलेले हात. उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या बायकांची गर्भाशयमुखाची एचपीव्ही तपासणी (तिथे कॅन्सर घडवणारा विषाणू आहे का ते पाहणारी) फक्त एकदा केली आणि आठ वर्षांत त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. तो निकाल २००९ चा, आणि जगभर त्याचा दाखला दिला जातो.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर हा तर आपल्या हातातला आजार आहे. तो जवळजवळ नेहमीच एचपीव्ही विषाणूमुळे होतो. हे दाखवणारे हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. ९ ते १४ वयाच्या मुलींना लस, आणि बाईची ३५ व्या आणि पुन्हा ४५ व्या वर्षाच्या आत एचपीव्ही तपासणी, एवढं नेमाने झालं तर हा आजार नावापुरता उरेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी ९०-७०-९० हे जे लक्ष्य ठेवलं आहे ते हेच: ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के बायकांची तपासणी, दोष सापडलेल्या ९० टक्के बायकांवर उपचार. तुमचा आजार स्तनाचा असला तरी बैठकीत याबद्दल बोलाच. सांगण्यासारखी इतकी चांगली बातमी कॅन्सरच्या विषयात फार नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं: दाखवा. तंबाखू ओढा नाहीतर चघळा, कॅन्सरचा धोका आहेच. आणि तंबाखू सोडून नुसत्या सुपारीवर आलेल्यांना सांगा की सुपारीही स्वतंत्रपणे कॅन्सर करते. शौचावाटे रक्त पडलं की मूळव्याध म्हणून मलम लावत राहू नका, विशेषतः चाळिशी ओलांडल्यावर किंवा शौचाची सवय बदलली असेल तर. पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला तर तो एकदा झाला तरी पुरे, तपासायचाच.

बैठकीत तीन प्रकारची माणसं हमखास भेटतील.

एक, हात वर करून विचारणारे. ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो ना?’ नाही. बायोप्सीशिवाय कॅन्सर ठरत नाही आणि त्याचा प्रकारही कळत नाही, त्यामुळे योग्य औषधही देता येत नाही. ‘आमच्या घराण्यात कुणाला नाही, मग मला कसा होईल?’ स्तनाच्या कॅन्सरपैकी ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात, बहुतेक बायकांना घराण्यात कुणालाही नसताना होतो. ‘सोबत राहून होतो का?’ नाही, एका ताटात जेवूनही नाही. उत्तर आधी आणि छोटं द्या. गैरसमज घोळवत बसलात तर लोकांच्या लक्षात गैरसमजच राहतो.

दुसरा, मागून उठून ‘माझ्याकडे एक औषध आहे, केमोची गरजच नाही’ म्हणणारा. त्याच्याशी वाद घालू नका, बैठक त्याची होते. आकडा सांगा आणि पुढे चला. अमेरिकेतल्या २०१८ च्या एका अभ्यासात, बरा होण्याजोग्या स्टेजला नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांना मृत्यूचा धोका पाच पटींहून जास्त होता. ‘जे घ्यायचं ते डॉक्टरांना सांगून घ्या, पण उपचार सोडू नका’ एवढं पुरे.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती बैठकीत एक शब्दही बोलत नाही. सगळे उठतात, चपला शोधतात, ही मात्र सतरंजीची घडी घालायला मागे राहते. मग पदराशी चाळा करत विचारते, ‘माझ्या नणंदेला असं असं आहे, दाखवायला हवं का हो?’ नणंद कुठे राहते, किती वर्षांची, कधीपासून, याची उत्तरं इतकी झटपट येतात की नणंद कोण ते कळतं. तिला ‘नणंद की तुम्ही?’ असं विचारू नका. म्हणा, ‘नणंदेला मंगळवारी घेऊन या, मी सोबत येते.’ मंगळवारी ती एकटी येते. अख्खी बैठक या एका बाईसाठी असते, त्यामुळे कार्यक्रम संपल्यावर निघायची घाई करू नका.

यासाठी एक तयारी आधी करायला हवी आणि ती फार कमी लोक करतात. बैठक घेण्यापूर्वी स्वतः जाऊन बघून या, की गाठ असलेली बाई कुठल्या दवाखान्यात, कोणत्या वारी, कितव्या खिडकीवर जाईल. कागद कोणते लागतात, बायोप्सी तिथेच होते की दुसरीकडे पाठवतात, रिपोर्ट कुणी आणायचा. एका चिठ्ठीवर हे लिहून वाटा. ‘लक्षण दिसलं तर डॉक्टरकडे जा’ असं सांगून मोकळं होणाऱ्या कार्यक्रमातून बाई घाबरून घरी जाते, आणि घाबरलेल्या बाईला वाट माहीत नसेल तर ती आजार लपवते. त्याच कारणासाठी सडलेल्या जखमांचे फोटो दाखवू नका. ते पाहून लोक मान फिरवतात.

बोलताना दोन शब्दांपासून जपा. ‘मी लढले आणि जिंकले’ असं म्हणू नका. ऐकणाऱ्यांत अशी एक असते जिचा आजार उलटला आहे. मग ती काय हरली? आणि ‘लवकर सापडला तर शंभर टक्के बरा होतो’ हेही नको. बरं होण्याची शक्यता खूप वाढते, हे खरं आहे आणि तेवढं पुरेसं आहे. तुमची भीती अजून आहे, हे सांगायला मात्र हरकत नाही. ‘मला अजूनही भीती वाटते आणि तरीही मी तपासायला जाते’ हे वाक्य बैठकीत कुणी म्हटलं की वातावरण बदलतं. धीर देणं हे तुमचं काम नाही, ते अंगावर घेऊ नका.

काही कामं तुमची नाहीत. कुणाचा रिपोर्ट वाचून अर्थ सांगू नका, रात्री अकराला फोनवर आलेला असला तरी. औषध सुचवू नका, ‘मला हे चाललं’ असंही नाही. तुमचा कॅन्सर आणि तिचा कॅन्सर एकाच नावाचे दोन वेगळे आजार असू शकतात. दुसऱ्या पेशंटची गोष्ट तिच्या परवानगीशिवाय सांगू नका, नाव बदलूनसुद्धा. आसपासच्यांना ती कोण ते कळतं. मात्र एक गोष्ट प्रत्येक केमोवाल्या घरात पोचवा, कारण ती जीव वाचवते. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या काळात ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री रुग्णालय गाठायचं. घरात थर्मामीटर आहे का, एवढंच विचारा. पुष्कळ घरांत नसतो.

ज्यांचा आजार पसरला आहे त्यांना जागृतीच्या कार्यक्रमात सहसा कुणी बोलवत नाही, कारण ‘लवकर या, बरे व्हा’ या गोष्टीत त्या बसत नाहीत. तुम्ही बोलवा. पसरलेला कॅन्सर घेऊन, औषधं बदलत, काम करत वर्षानुवर्षं जगणाऱ्या बायका माझ्या ओपीडीत आहेत. त्यांच्यासाठी ‘पॅलिएटिव्ह’ (म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारे उपचार) हा शब्द शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवलेला नसावा. २०१० साली अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांवर अभ्यास झाला. निदानानंतर लगेच पॅलिएटिव्ह डॉक्टर सोबत असलेल्या रुग्णांना नैराश्य कमी आलं, जगणं सुसह्य झालं, आणि ते सरासरीने काही महिने जास्त जगलेही. वेदनेसाठी डॉक्टरांनी ठरवून दिलेली मॉर्फिनची गोळी घेतली म्हणून पेशंट व्यसनी होतो, ही समजूतही तुमच्या बैठकीत मोडली तर फार मोठं काम होईल. या एका समजुतीपायी माणसं विनाकारण कण्हत राहतात.

घरच्यांच्या विरोधाला मी चूक म्हणणार नाही. त्यांनी तुम्हाला केमोच्या दिवसांत पाहिलं आहे. त्यांना तो विषयच नको आहे. त्यांच्याशी ‘बोलू की नको’ यावर वाद घालण्यापेक्षा ‘किती बोलू’ हे ठरवा. आजाराचं नाव सांगायचं का, ऑपरेशनचं सांगायचं का, खर्चाचं, नवरा-बायकोच्या नात्याचं सांगायचं का, याची हद्द आधी आखा. कुणी पलीकडचं विचारलं तर ‘ते मी सांगत नाही’ एवढं म्हणून थांबायचं. उद्या नको वाटलं तर बोलणं बंद करायचाही तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आजार झाला म्हणून समाजसेवा करायलाच हवी, असा काही नियम नाही.

सुरुवात सात-आठ जणींनी करा, कुणाच्या तरी घरी, माइकशिवाय. पुढच्या वेळी पुरुषांनाही बोलवा; त्यांना स्वतःला होणारे कॅन्सर आहेतच, आणि तपासणीला जायला सुट्टी, पैसे, सोबत हे बऱ्याच घरांत त्यांच्याच हाती असतं. बैठकीनंतर एक छोटी वही ठेवा. नावं नकोत, फक्त तारखा: कुणी विचारलं तो दिवस आणि रिपोर्ट आला तो दिवस. मधले दिवस दोन महिन्यांच्या वर जायला लागले तर अडतंय कुठे ते शोधा. ओपीडीचा वार चुकतोय, सोबतीला कुणी नाही, की बायोप्सी झाली पण रिपोर्ट आणायला कुणी गेलंच नाही? माझ्या अनुभवात बऱ्याचदा हे तिसरंच निघतं.